लहानपणी खेळलेल्या गेमसारखा गेम बनवायचाय? मग या क्रमाने जा

लहानपणी व्हिडिओ गेमवर पोसलेल्या बहुतेकांच्या डोक्यात एक गेम ठाण मांडून बसलेला असतो. अर्धामुर्धा आठवणारा, आणि ‘आपणही असा एक बनवला पाहिजे’ असं अधूनमधून वाटायला लावणारा. आज त्यासाठी लागणारी जवळजवळ सगळी साधनं फुकट मिळतात, शिकवणाऱ्या व्हिडिओंचा तर पाऊस आहे. तरी सुरू झालेले बहुतेक गेम अर्ध्यावर पडून राहतात. माझ्या मते याचं मुख्य कारण एकच: माणूस आठवण बनवायला बसतो, आणि आठवण खऱ्या गेमच्या दुप्पट-चौपट मोठी झालेली असते.

मी एकट्याने काही छोटे गेम पुरे करून लोकांपुढे ठेवले आहेत. आज पुन्हा शून्यातून सुरुवात करायची झाली तर ज्या क्रमाने जाईन, तो क्रम इथे देतोय. प्रोग्रामिंग येत नसेल तरी वाचत राहा, चौथ्या पायरीत तुमच्यासाठीही वाट आहे.

१. जुना गेम पुन्हा खेळा, पण वही घेऊन

इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, डाउनलोड करण्याआधी हे करा. ज्या गेमची आठवण येते तो मिळवा आणि मौजेसाठी नाही, तर पाहणीसाठी खेळा. पहिला धक्का बसतो तो आकाराचा. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अख्खाच्या अख्खा ४० किलोबाइटमध्ये बसायचा: ३२ प्रोग्रामला, ८ चित्रांना. जागा पुरावी म्हणून त्यातला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला. ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटमध्येही प्रत्यक्षात मोजकेच गेम असायचे. बाकीची नावं म्हणजे तेच गेम, मधल्याच एखाद्या लेव्हलपासून सुरू होणारे. लहानपणी जे जग अफाट वाटलं ते इतकं लहान होतं, ही तुमच्या दृष्टीने चांगली बातमी आहे. एवढं तुम्हालाही जमू शकतं.

वहीत हे टिपा:

- पहिल्या तीस सेकंदांत गेम काय शिकवतो? एकही शब्द न लिहिता कसं शिकवतो?
- बटणं किती? प्रत्येक बटण काय करतं?
- उडी घेतल्यापासून पाय टेकेपर्यंत किती फ्रेम (पडद्यावर एकामागून एक उमटणारी चित्रं) जातात?
- लाइफ गेल्यावर पुन्हा खेळायला लागेपर्यंत किती सेकंद?
- एकूण शत्रू किती प्रकारचे? (बहुतेकदा उत्तर दहाच्या आत येतं.)
- तुम्ही कुठे हसलात, कुठे वैतागलात, कुठे थांबावंसं वाटलं?

मूळ गेम कायदेशीररीत्या मिळणं मात्र अवघड असतं. ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आता बाजारात मिळत नाहीत. नव्या कन्सोलवरच्या जुन्या गेमच्या संग्रहात तुमचा गेम असेल तर तो घ्या. नसेल तर कुणीतरी पूर्ण खेळून रेकॉर्ड केलेला व्हिडिओ शोधा. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाची कळ दाबली की तो एकेक फ्रेम मागे-पुढे सरकतो. उड्या मोजायला याहून सोपी सोय नाही.

२. त्यातली एकच गोष्ट उचला

वही भरली की तिच्यातलं बरंचसं खोडा. ‘काँट्रा’ आठवला की आपल्याला शेजारी बसलेला भिडू आठवतो, ‘माझ्या लाइफ का घेतोस’ म्हणून झालेली भांडणं आठवतात, मग कधीतरी पसरत जाणाऱ्या गोळ्यांची ती बंदूक आठवते. यातली बंदूक तुम्हाला बनवता येईल. भिडू कुठल्याच इंजिनात मिळत नाही. म्हणून आठवणीतलं गेमच्या आतलं काय आणि बाहेरचं काय, हे आधी वेगळं करा.

मग हे वाक्य भरा: ‘खेळाडू ______ करतो, त्याला ______ अडवतं, आणि ______ झालं की गेम संपतो.’ एका वाक्यात मावत नसेल तर तो पहिला गेम नाही, तो पाचवा आहे. नाव लिहून बाजूला ठेवा.

इथला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे एकट्याने बनवलेल्या प्रसिद्ध गेमच्या कहाण्या. एरिक बॅरोनने ‘स्टारड्यू व्हॅली’ एकट्याने बनवला, खरं आहे. २०१६ मध्ये तो आला तेव्हा त्यामागे साडेचार वर्षांच्या आसपास काम होतं. दाइसुके अमायाचा ‘केव्ह स्टोरी’ २००४ चा, त्यालाही सुमारे पाच वर्षं लागली. या कहाण्या वाचायला झकास आहेत, पण पहिल्या गेमचा आराखडा म्हणून निरुपयोगी. त्यापेक्षा ‘सेलेस्ट’चा उगम बघा. २०१८ मध्ये नावाजलेला हा गेम सुरू झाला तो मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी ‘पिको-८’ या छोटे गेम बनवायच्या साधनावर चार दिवसांत केलेल्या एका चिमुकल्या गेमपासून. त्यातही वर चढायचं होतं, उडी होती आणि हवेत मारायचा एक झटका होता. बास.

पहिल्या गेममध्ये ऑनलाइन दोघांनी खेळणं, मोठी कथा, फिरायला मोकळं जग, शस्त्रं घडवणं, यातलं काहीही नको. गेम सेव्ह करायची सोयसुद्धा नको. दहा मिनिटांत संपणाऱ्या गेमला ती लागत नाही.

३. मर्यादा आधी ठरवा आणि भिंतीवर लावा

जुन्या गेमची जी ‘चव’ आपण म्हणतो ती बरीचशी यंत्राच्या मर्यादांतून आलेली आहे, म्हणून या पायरीवर थोडं रेंगाळू.

निन्टेंडोचं फॅमिकॉम हे टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र १९८३ मध्ये आलं, आणि आपल्यापैकी अनेकांनी ज्यावर खेळलं ती यंत्रं बहुधा त्याचीच नक्कल होती. त्याचा पडदा २५६ बाय २४० पिक्सेलचा. एकावेळी पडद्यावर जास्तीत जास्त २५ रंग, आणि हलणाऱ्या प्रत्येक तुकड्याला तीनच. मारिओला टोपी आणि मिशी मिळाली ती फॅमिकॉमच्याही आधी, १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये, पण कारण असंच: एवढ्याशा जागेत केस आणि तोंड काढणं अवघड होतं. पडद्याच्या एका आडव्या रेषेवर आठच हलते तुकडे दिसू शकत. नववा आला की तो गायब. म्हणून प्रोग्रामर दर फ्रेमला तुकड्यांचा क्रम फिरवायचे, आणि आपल्याला शत्रू लुकलुकताना दिसायचे. आवाजाच्या वाटा पाच. इफेक्ट वाजला की तो संगीताची एक वाट पळवायचा. उडी मारली की सुरावटीतला एखादा धागा क्षणभर तुटायचा तो यामुळे.

आता प्रश्न असा की यातलं काय ठेवायचं? २०१४ चा ‘शोवेल नाइट’ इथे उत्तम नमुना आहे. दिसायला अस्सल जुना, पण पडदा रुंद, रंग थोडे जास्त, आणि लुकलुकणं मुळीच नाही. बनवणाऱ्यांनी ज्या मर्यादांनी सौंदर्य दिलं त्या ठेवल्या, ज्यांनी नुसता ताप दिला त्या सोडल्या. तुम्हीही तेच करा. लुकलुकणं मुद्दाम आणणं मला तरी हौसेचा अतिरेक वाटतो.

पहिल्या गेमसाठी माझी शिफारस:

- पडदा ३२० बाय १८०. हा चौपट केला की १२८० बाय ७२० होतो, सहापट केला की १९२० बाय १०८०. पूर्णांकात वाढतो म्हणून पिक्सेल वेडेवाकडे होत नाहीत. जुना २५६ बाय २४० घेतलात तर १०८० उंचीला साडेचारपट येतं आणि काही ओळी जाड, काही बारीक दिसतात.
- १६ रंगांची एक तयार रंगपेटी. स्वतः रंग निवडत बसू नका, दिवस जातात.
- १६ बाय १६ पिक्सेलचे चौकोन, सगळी चित्रं त्यातच.
- दिशांच्या कळा आणि दोन बटणं.
- पाच लेव्हल, प्रत्येक एका पडद्यात मावणारी. म्हणजे कॅमेरा हलवायची भानगडच नाही.

४. साधनं निवडा आणि मग तो विषय बंद करा

‘कुठलं इंजिन चांगलं’ या वादात आयुष्य जाईल. खालच्यातलं एक घ्या आणि गेम संपेपर्यंत बदलू नका.

- गोडो: फुकट, मुक्त स्रोत, द्विमितीय गेमला सोयीचं. प्रोग्रामिंग थोडं येत असेल किंवा शिकायची तयारी असेल तर हेच घ्या. गेम ब्राउझरमध्ये चालवायचा असेल तर त्याची स्वतःची भाषा, जीडीस्क्रिप्ट, वापरा. गोडो ४ मध्ये सी-शार्प ही दुसरी भाषा घेतलीत तर वेबची वाट अडते.
- जीबी स्टुडिओ: प्रोग्रामिंग अजिबात येत नसेल तर हे. फुकट आहे, आणि यातून खरोखरच्या गेम बॉयवर, म्हणजे निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या जुन्या यंत्रावर, चालणारा गेम निघतो: १६० बाय १४४ चा पडदा, चार छटा.
- पिको-८: १२८ बाय १२८ चा पडदा, १६ रंग, चित्र-आवाज-कोड सगळं एकाच खिडकीत. विकत घ्यावं लागतं, पण शिकण्यासाठी ब्राउझरमधली आवृत्ती फुकट आहे. तसंच काहीसं, पण पूर्ण फुकट हवं असेल तर टिक-८०.
- चित्रांसाठी: एसप्राइट (विकतचं, पण पैसे वसूल), नाहीतर फुकटचं लिब्रेस्प्राइट किंवा पिक्सेलोरामा. काहीच बसवायचं नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं पिस्केल.
- लेव्हलसाठी: टाइल्ड किंवा एलडीटीके. पाच पडद्यांना इंजिनाचं स्वतःचं साधनही पुरतं.
- इफेक्टसाठी: जेएसएफएक्सआर. ‘उडी’, ‘नाणं’, ‘स्फोट’ अशी बटणं दाबत राहायचं, आवडला की जपून ठेवायचा.
- संगीतासाठी: सोपं हवं तर बीपबॉक्स, अस्सल फॅमिकॉमचा सूर हवा तर फॅमिस्टुडिओ.
- गिट: कोडच्या जुन्या प्रती जपायला. पहिल्या दिवसापासून वापरा.

गोडो घेतलंत तर प्रकल्प उघडल्यावर दोन सेटिंग आधी बदला. टेक्स्चरचा (म्हणजे चित्रांचा) डिफॉल्ट फिल्टर ‘निअरेस्ट’ करा, नाहीतर सगळी चित्रं धुरकट दिसतील. आणि खिडकीच्या स्ट्रेच विभागात मोड ‘व्ह्यूपोर्ट’ व स्केल मोड ‘इंटीजर’ ठेवा. ‘माझी पिक्सेल चित्रं अशी का दिसतात’ असं विचारणाऱ्या नवख्यांपैकी बहुतेकांचं दुखणं या दोनांत असतं.

५. आधी चौकोन हलवा

एकही चित्र काढू नका. खेळाडू म्हणजे एक पांढरा चौकोन, जमीन म्हणजे राखाडी पट्टा, शत्रू म्हणजे लाल चौकोन. या तीन चौकोनांबरोबर पाच मिनिटं रमता येत नसेल तर सुंदर चित्रं काढून काहीही फरक पडणार नाही.

उडीचा गेम असेल तर सगळा जीव उडीत आहे. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातली उडी हातात घेतल्यावर ढिली, तरंगती लागते. चांगले गेम उडीबाबत खेळाडूच्या बाजूने सर्रास खोटं बोलतात. पाच गोष्टी करा, याच क्रमाने:

*बटण सोडलं की उडी तुटली पाहिजे.* हलकं दाबलं तर छोटी उडी, धरून ठेवलं तर उंच. वर जाताना बटण सुटलं की वरचा वेग निम्मा करा, झालं.

*खाली येताना गुरुत्वाकर्षण वाढवा.* वर जातानाच्या दीडपटीपासून सुरुवात करून हाताला बरं वाटेपर्यंत कमी-जास्त करा.

*कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मारू द्या.* सेलेस्टमध्ये ही सवलत ०.१ सेकंदाची आहे, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर सहा फ्रेम. खेळणाऱ्याला ही सवलत कधीच कळत नाही. ती काढली की मात्र ‘मी बटण दाबलं होतं!’ अशी ओरड सुरू होते.

*पाय टेकण्याआधी दाबलेलं बटण लक्षात ठेवा.* तेवढाच, ०.१ सेकंद. टेकताक्षणी उडी मिळाली पाहिजे.

*पडण्याच्या वेगाला कमाल मर्यादा घाला.* नाहीतर उंचावरून पडताना खेळाडू जमिनीच्या आरपार जातो आणि दोन रात्री तुम्ही टक्कर तपासण्याचा कोड चाळत बसता.

हे सगळे आकडे कोडच्या पोटात पुरू नका. एकाच जागी, फाइलच्या सुरुवातीला, नावं देऊन ठेवा. पुढे कितीदा बदलाल याला गणती नाही.

गंमत म्हणजे मजा नेहमी ठरवून येते असंही नाही. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये शत्रू कमी होत जातात तसे उरलेले वेगाने सरकतात. तो बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांनी आधी हे योजलं नव्हतं. काढायचे शत्रू कमी झाले की यंत्राला काम कमी पडायचं आणि ते पळायला लागायचं. त्यांनी ते तसंच राहू दिलं. तुमच्या चौकोनांच्या खेळातही असं काही अवचित सापडलं तर दुरुस्त करण्याआधी एकदा खेळून बघा.

६. चित्रं, आवाज आणि मराठी अक्षरं

चित्रांबद्दल एवढंच: आधी खेळाडू, मग जमीन, मग शत्रू, शेवटी पार्श्वभूमी. पार्श्वभूमी फिकी ठेवा, नाहीतर शत्रू तिच्यात हरवतात. चित्रकला अगदीच जमत नसेल तर केनी या नावाने फुकट चित्रसंच मिळतात. ते ‘सीसी०’ परवान्याखाली आहेत, म्हणजे कशालाही वापरा, श्रेय द्यायचंही बंधन नाही.

आवाज मात्र लोक शेवटच्या दिवशी टाकतात आणि तो वायाच जातो. उडीचा, लागण्याचा आणि नाण्याचा, निदान हे तीन आवाज चौकोनांच्या काळातच घाला. वेबवर एक अडचण येईल: खेळाडूने कुठे तरी क्लिक केल्याशिवाय ब्राउझर आवाज वाजू देत नाही. म्हणून सुरुवातीला ‘सुरू करण्यासाठी बटण दाबा’ असा पडदा हवाच. जुन्या गेममध्ये तो असायचाच, तेव्हा शोभेलही.

गेम मराठीत करणार असाल (करा, फार कमी आहेत) तर हे आधीच तपासा, कारण इंग्रजीतले धडे यावर अवाक्षर बोलत नाहीत:

- इंजिनाला जोडाक्षरं जुळवता येतात का? गोडो ४ ला येतात, गोडो ३ ला येत नव्हती. युनिटी या दुसऱ्या इंजिनात नेहमी वापरलं जाणारं टेक्स्टमेश प्रो देवनागरी मोडून दाखवतं. पिको-८ मध्ये देवनागरी नाहीच, अक्षरं चित्रं म्हणून काढावी लागतील.
- चाचणीसाठी ‘दुसऱ्या स्थितीत सूर्य, क्षण, ज्ञान, श्रम’ हे लिहून बघा. ‘ऱ्य’ तुटतो का, ‘स्थि’ची वेलांटी योग्य जागी बसते का, रफार कुठे पडतो, लगेच कळतं.
- फॉन्ट प्रकल्पातच ठेवा. तुमच्या संगणकावर अक्षरं नीट दिसतात, कारण इंजिन संगणकातला फॉन्ट उसना घेतं. ब्राउझरमध्ये ती उसनवारी चालत नाही आणि रिकामे चौकोन उमटतात. मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी हे मुक्त परवान्याचे आहेत.
- इंग्रजी अक्षर ८ बाय ८ पिक्सेलमध्ये आरामात बसतं. देवनागरीला शिरोरेषा, तिच्यावर मात्रा-अनुस्वार, खाली उकार, एवढं सगळं हवं. १६ पिक्सेलच्या आसपास उंची धरूनच संवादाच्या चौकटी आखा.
- संवाद एकेक अक्षराने ‘टाइप’ होताना दाखवायचा असेल तर जोडाक्षरं डोळ्यांदेखत फुटतात: आधी ‘क्’, मग ‘क्ष’, मग वेलांटी उडी मारून मागे. गोडोमध्ये अक्षरं जुळून झाल्यानंतर लपवायचा पर्याय आहे, तो निवडा.

७. कुणाचं काय वापरता येतं

उडी मारून शत्रूच्या डोक्यावर आपटणं ही कल्पना कुणाच्या मालकीची नाही. मारिओ, त्याची चित्रं, त्याचं संगीत, त्याचं नाव हे मात्र मालकीचं आहे. सर्वसाधारणपणे खेळाचे नियम मोकळे असतात आणि त्यांचं रूप राखीव असतं. त्यातही मधली जागा निसरडी आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने ‘टेट्रिस’च्या एका नकलेविरुद्ध निकाल दिला, कारण ती दिसायला जवळजवळ तीच होती.

‘मी पैसे घेत नाही, मग काय बिघडतं?’ हा युक्तिवाद टिकत नाही. निन्टेंडोच्या ‘मेट्रॉइड २’चं चाहत्याने वर्षानुवर्षं खपून केलेलं, फुकट वाटलेलं रूप २०१६ मध्ये बाहेर आलं, आणि निन्टेंडोने ते काही दिवसांत उतरवायला लावलं. उलट उदाहरणही आहे: सोनिकवर चाहता म्हणून काम करणारा ख्रिश्चन व्हाइटहेड पुढे सेगाच्या, म्हणजे सोनिकच्या मालक कंपनीच्या, परवानगीने २०१७ चा ‘सोनिक मेनिया’ बनवणाऱ्यांत होता. पण अशा अपवादावर विसंबून दोन वर्षं घालवू नका. नाव आपलं, पात्र आपलं, सूर आपला.

दुसऱ्याचं काही घेतलं की त्याच दिवशी एका फाइलीत नोंद करा: काय, कुणाचं, कुठला परवाना. ‘सीसी बाय’ असेल तर श्रेय द्यावं लागतं, परवान्यात ‘एनसी’ असेल तर विकायच्या गेममध्ये ते चालत नाही. नंतर शोधायला गेलात तर सापडत नाही.

८. शेवटची तारीख दुसऱ्याकडून घ्या

स्वतःला दिलेली तारीख कुणीच पाळत नाही. म्हणून एखाद्या गेम जॅममध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीत गेम बनवायच्या उपक्रमात, नाव घाला. ‘लुडम डेअर’ २००२ पासून चालू आहे: एकट्याने ४८ तासांत, किंवा एकट्याने वा गटाने ७२ तासांत. ‘ग्लोबल गेम जॅम’ जानेवारीच्या अखेरीस असतो. वेबवर प्रोग्रामिंग करणाऱ्यांसाठी ‘जेएस१३के’, त्यात सगळा गेम १३ किलोबाइटमध्ये बसवायचा. जॅमचा गेम ओबडधोबडच असतो, आणि तिथे त्याबद्दल कुणी नाक मुरडत नाही.

९. दुसऱ्याच्या हातात द्या आणि गप्प बसा

शेजारी बसा, काहीही सांगू नका. ‘तिथे नाही, वर जा’ हे ओठांवर आलं तरी गिळा. खेळणारा कुठे अडला, किती वेळ अडला, तेवढं लिहा. ‘कसा वाटला?’ विचारू नका, ‘छान’ म्हणतील. ‘आता काय करायचं असं तुला वाटलं?’ हे विचारा. एकाच जागी तिघं अडले तर लेव्हल बदला. एकच अडला तर सोडून द्या.

बनवणाऱ्याला स्वतःचा गेम नेहमी सोपा वाटतो, कारण तो हजारदा खेळलेला असतो. माझा नियम असा: मला सहज जमणारी लेव्हल पहिल्या क्रमांकाची नसते, ती चौथी असते.

चाचणीसाठी कुठल्याही लेव्हलवर थेट उडी मारायची गुप्त कळही ठेवा. वर-वर-खाली-खाली हा प्रसिद्ध कोड असाच जन्मला. कोनामीचे काझुहिसा हाशिमोतो १९८६ मध्ये ‘ग्रेडियस’ फॅमिकॉमवर आणत होते. चाचणीत तो त्यांना फार अवघड जायचा, म्हणून त्यांनी सगळ्या शक्ती एकदम मिळवून देणारा हा कोड स्वतःसाठी घातला, आणि तो गेममध्ये तसाच राहून गेला.

१०. आधी इच डॉट आयओवर ठेवा

छोटे गेम लोकांपुढे ठेवायची ही वेबसाइट पहिल्या गेमसाठी पुरेशी आहे. खातं फुकट, परीक्षण नाही, गेम ब्राउझरमध्येच खेळता येतो. विकलात तर साइटचा वाटा किती हे तुम्हीच ठरवता. काही न बदलल्यास तो १० टक्के असतो.

लागेल ते: वेबसाठी काढलेला गेम झिप करून (आत ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ हे नाव असलेली फाइल हवी), एक मुखपृष्ठ-चित्र, तीन-चार स्क्रीनशॉट, एक छोटी हलती क्लिप, आणि कळा कुठल्या ते सांगणाऱ्या दोन ओळी.

सापळे तीन. फाइलच्या नावात कुठे मोठी, कुठे छोटी इंग्रजी अक्षरं असतील तर विंडोजवर चालतं, तिथे चालत नाही. गोडो ४.३ च्या आधीची आवृत्ती असेल तर पानाच्या सेटिंगमध्ये ‘शेअर्ड ॲरे बफर’वर खूण करावी लागते, नाहीतर काळा पडदा. आणि गेम टाकल्यावर दुसऱ्या ब्राउझरमध्ये, खात्यातून बाहेर पडून, स्वतः एकदा उघडून बघा. पान ‘मसुदा’ म्हणूनच राहिलंय आणि माणूस लिंक वाटत सुटलाय, हे नेहमीचं दृश्य आहे.

११. स्टीमवर जायचंच असेल तर

स्टीम हे संगणकावरच्या गेमचं मोठं ऑनलाइन दुकान. पहिला गेम तिथे नेऊ नका असं माझं मत आहे. दुसरा-तिसरा असेल आणि लोक मागत असतील तर जरूर न्या. हे तयार ठेवा:

- प्रत्येक गेमसाठी १०० डॉलर शुल्क. गेमने १००० डॉलरची कमाई केली की हे परत मिळतं.
- बँकेत आहे तेच, तसंच्या तसं नाव. एका अक्षराचा फरक पडला तरी पडताळणी अडकते. खाते क्रमांक आणि स्विफ्ट कोड लागतो.
- कराची प्रश्नावली. अमेरिकेबाहेरच्या व्यक्तीसाठी ‘डब्ल्यू-८बेन’ हा नमुना असतो. तुमच्या देशाचा अमेरिकेशी करार असेल तर तुमचा कर क्रमांक इथेच द्या.
- दुकानाच्या पानासाठी वेगवेगळ्या मापांची चित्रं, निदान पाच स्क्रीनशॉट, एक ट्रेलर.
- चित्रं किंवा मजकूर एआयने बनवला असेल तर तसं जाहीर करावं लागतं.

वेळेचं गणित आधी मांडा. शुल्क भरल्यापासून गेम बाहेर काढेपर्यंत ३० दिवस जावे लागतात, ‘लवकरच येत आहे’ हे पान निदान दोन आठवडे दिसत राहावं लागतं, शिवाय पान आणि गेम दोन्ही तपासले जातात. त्यामुळे तारीख आधी जाहीर करून मग शुल्क भरणं हा वेडेपणा आहे. स्टीमचा वाटा सुरुवातीला ३० टक्के. आणि विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम ग्राहक परत करू शकतो. तुमचा गेम चाळीस मिनिटांचा असेल तर तो संपवूनही कुणी परत करेल, हे धरूनच किंमत ठरवा.

१२. फाइली जपा

गेम बाहेर पडल्यावर लगेच, उत्साह ओसरायच्या आत, एक फोल्डर करा. त्यात कोड, चित्रांच्या मूळ फाइली (नुसत्या पीएनजी नव्हेत), संगीताच्या मूळ फाइली, फॉन्ट, परवान्यांची ती नोंद, आणि इंजिनाची जी आवृत्ती वापरली तिचं इन्स्टॉलर. मोठ्या कंपन्यांचंही इथे चुकतं. ‘सायलेंट हिल’चे गेम २०१२ मध्ये नव्या रूपात आणायची वेळ आली तेव्हा अंतिम कोड हाती नव्हता, अपुऱ्या आवृत्तीवरून काम करावं लागलं.

फोल्डरच्या दोन प्रती, दोन वेगळ्या जागी. सोबत एक साधी टेक्स्ट फाइल: कुठलं इंजिन, कुठली आवृत्ती, गेम कसा काढायचा, कुठली फाइल आधी उघडायची. दोन वर्षांनी ती फाइल वाचणारे बहुधा तुम्हीच असाल, आणि तोवर यातलं काहीही तुम्हाला आठवत नसेल.